कराड ते आइंडहोवन, मार्गे मंत्रालय: दाखल्यांना ॲपोस्टिल करून घेताना

मुलगा नोकरीसाठी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला गेला. सूनबाई आणि नातू मागाहून जाणार होते. तिथल्या नगरपालिकेत कुटुंबाची नोंद करायची तर नातवाचा जन्मदाखला आणि मुलगा-सुनेचा विवाह नोंदणी दाखला, दोन्ही ॲपोस्टिल केलेले हवेत, असं त्यानं कळवलं. सूनबाईला लहान मुलाला घेऊन मुंबईच्या फेऱ्या जमणाऱ्या नव्हत्या, आणि मी निवृत्त. पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळत नोकरी झाली, त्यामुळे शिक्के आणि जावक क्रमांक यांचं भय नाही. काम माझ्याकडे आलं.

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशानं मानावा म्हणून १९६१ साली हेग इथं करार झाला. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. करारातल्या देशांना वकिलातीचा शिक्का लागत नाही, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं प्रमाणपत्र, पुरतं. पण दिल्लीचं हे मंत्रालय तुमच्या ग्रामसेवकाला थोडंच ओळखतं? म्हणून आधी राज्य सरकार त्या कागदावरच्या सहीची खात्री देतं आणि मग दिल्लीचं खातं राज्याच्या सहीची. कागदात लिहिलेलं खरं की खोटं हे या साखळीत कुणीच बघत नाही. प्रत्येक जण फक्त आपल्या आधीच्या सहीवर सही करतो. चुकीच्या स्पेलिंगचा दाखलाही सगळे शिक्के मिरवत बिनबोभाट हॉलंडपर्यंत जाऊ शकतो, आणि अडतो तो तिथल्या खिडकीवर. म्हणून माझं मत असं, की या कामातला मोठा भाग मुंबईला जायच्या आधी, आपल्या गावातच होतो.

आमच्या नातवाचा दाखला घ्या. आपल्याकडे दवाखान्यातून जन्माची नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं. दाखल्यावर आईबापांची नावं असतात आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. तो दाखला लोक फाइलला लावून ठेवतात आणि शाळाप्रवेशाच्या वेळी जागे होतात. आमचाही तसाच कोरा होता. नाव घालायला वर्षाच्या आत पैसे पडत नाहीत, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. आईवडिलांचा अर्ज आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती लागतात. ते सोपं होतं.

दुसरी भानगड आईच्या नावाची. सूनबाईचं नाव पूनम. पासपोर्टावर स्पेलिंग डबल ओचं. दवाखान्यानं भरून पाठवलेल्या फॉर्मात ते यूचं, म्हणून दाखल्यावरही यूचं. मराठीत दोन्हीकडे पूनमच, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. इथं दोन वाटा असतात. एक, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करायचं आणि दाखल्याला जोडायचं. दुसरी, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली मूळ नोंदीतच दुरुस्ती करून नवा दाखला घ्यायचा. ओळखीच्या चार जणांनी पहिली वाट सांगितली, कारण ती तासाभराची. मी दुसरी धरली. प्रतिज्ञापत्र इथल्या बँकेत चालतं, परदेशातल्या कारकुनाला मात्र त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो, आणि तो जोडलेला कागद पुन्हा वेगळा ॲपोस्टिल करावा लागतो तो निराळाच. दुरुस्तीच्या अर्जासोबत पासपोर्ट, आधार आणि लग्नाचा दाखला जोडला. नोंदवहीत शेरा पडला आणि नवा दाखला मिळाला.

हल्ली क्यूआर कोडचा दाखला घरबसल्या निघतो. पण पुढची सगळी साखळी सह्यांवर चालते, म्हणून मी निबंधकांची शाईची सही आणि गोल शिक्का आवर्जून मागून घेतला. सहीखाली अधिकाऱ्याचं नाव आणि पदनाम वाचता येईल असं आहे ना, एवढं खिडकीवरच पाहा. नुसता कोंबडीचा पाय उमटलेला असेल तर पुढे ती सही कुणाची हे कोण आणि कसं ठरवणार?

विवाह दाखल्याचं असं, की महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे मिळतो तो नमुना ‘ई’मधला. खेड्यात लग्न नोंदलं असेल तर सहसा ग्रामसेवक हेच निबंधक असतात. जुन्या हस्तलिखित दाखल्यावर मजकूर फक्त मराठीत असतो, आणि डच नगरपालिकेला डच, इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच यांपैकीच भाषा चालते. मराठी दाखल्याचं भाषांतर करून घेता येतं, पण मग मूळ आणि भाषांतर अशा दोन कागदांमागे धावा. त्यापेक्षा मराठी-इंग्रजी दोन्हीतला नवा दाखला मागणं स्वस्त पडतं. आमच्या गावच्या ग्रामसेवक बाई कामाला चोख. त्यांनी संगणकावर मजकूर टाकला आणि छापण्याआधी मला पडद्यासमोर बसवून म्हणाल्या, “काका, पासपोर्ट हातात धरा आणि एकेक अक्षर वाचा. एकदा शिक्का पडला की मग माझ्यामागे लागायचं नाही.” वधूचं नाव माहेरचं, वडिलांच्या नावासकट; लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी; जन्मतारखा. सगळं वाचलं. अशी बाई प्रत्येक कचेरीत असेल असं धरून चालू नका, वाचायचं काम आपलंच.

एक विनंती. कुठलाही दाखला, मार्कलिस्ट, पदवी लॅमिनेट करू नका. आपल्याकडे कागद जपायचा म्हणजे आधी प्लॅस्टिकमध्ये घालायचा अशी रीत आहे. ॲपोस्टिलचा स्टिकर कागदाच्या पाठीमागे चिकटतो आणि त्यावर शिक्का बसतो, प्लॅस्टिकवर ते होत नाही. इस्त्रीनं प्लॅस्टिक सोडवण्याचे उपाय लोक सांगतात, त्यात शाई उचलली गेलेली पदवी मी पाहिली आहे. दुय्यम प्रत मागा आणि मोकळे व्हा.

नोटरीची गरज आम्हाला शेवटी पडली नाही, पण पुष्कळांना पडते. मुखत्यारपत्र, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, एका पालकानं मुलाच्या प्रवासाला दिलेली संमती, हे खासगी कागद सरकारी होतात ते नोटरीच्या सहीनं. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला प्रत्येक जण नोटरी नसतो. शिक्क्यावर नाव, नोंदणी क्रमांक, कार्यक्षेत्र आणि मुदत पाहा. नोटरीचा परवाना पाच वर्षांचा असतो, पुढे नूतनीकरण लागतं. त्याच्या रजिस्टरमध्ये तुमची सही झाली पाहिजे आणि तो नोंद क्रमांक कागदावर उतरला पाहिजे. रजिस्टर न काढता शिक्का मारून देणाऱ्याकडून उठून यावं. स्टॅम्पपेपरचंही बदललं आहे: ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा लागतो.

आणि एक गैरसमज. मूळ कागद हरवेल म्हणून लोक झेरॉक्सवर नोटरीकडून सत्यप्रत करून घेतात आणि तीच ॲपोस्टिलला देतात. त्यावर ॲपोस्टिल मिळालं तरी ते नोटरीच्या सहीला मिळालं, तुमच्या जन्मदाखल्याला नाही. समोरच्या देशाला सत्यप्रत चालत असेल तर प्रश्नच नाही, पण ते आधी लेखी विचारून घ्या.

एजंट भेटतातच. एकानं कागदामागे साडेतीन हजार सांगितले आणि “तुम्हाला मुंबईला यायचीसुद्धा गरज नाही” म्हणाला. तो काय करणार हे विचारलं तेव्हा कळलं की कागद कुरिअरनं दिल्लीला जाणार, तिथं नोटरी, मग उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे एसडीएमचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालय. ही वाट बेकायदेशीर नाही, आणि गडबडीत असलेल्यांना सोयीची आहे. पण काही देश आणि काही मालक, विशेषतः आखातातले, पदवीच्या कागदावर राज्याच्याच शिक्षण खात्याचा शिक्का मागतात, एसडीएमचा चालवून घेत नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी एजंटला विचारा की राज्याचा शिक्का कुठल्या खात्याचा मिळणार. उत्तर द्यायला तो घुटमळला तर समजून जा.

मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालो. रात्री कराडला बसायचं, सकाळी सीएसएमटी. प्रतीक्षालयात तोंड धुऊन, चहा-पाव खाऊन मंत्रालयाकडे. बाहेरगावच्यांसाठी सांगतो: मंत्रालयात आता डिजीप्रवेश ॲपवर आधी नोंदणी करावी लागते, चेहरा ओळखणारी यंत्रणा आहे, आणि सर्वसाधारण माणसाला आत सोडतात ते दुपारनंतर. ज्येष्ठांना त्याच्या थोडं आधी. सकाळीच जाऊन रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. ॲपची नोंदणी आदल्या दिवशी घरी, नातवंडांपैकी कुणाला तरी धरून करा, कारण दारात नेट रांगतं. बॅग जितकी छोटी तितकं बरं.

वैयक्तिक दाखल्यांचं साक्षांकन सामान्य प्रशासन विभागाकडे. शैक्षणिक कागदांसाठी उच्च व तंत्रशिक्षण विभाग आहे, तिकडची रांग वेगळी आणि तिथं विद्यापीठाकडून आधी पडताळणी करून आणायला सांगतात. बरोबर मूळ दाखले, प्रत्येकाच्या झेरॉक्स, सुनेच्या आणि नातवाच्या पासपोर्टच्या प्रती, सुनेनं मला दिलेलं साध्या कागदावरचं अधिकारपत्र आणि माझं आधार एवढं होतं. अधिकारपत्र नसतं तर बोलणं लांबलं असतं. झेरॉक्स जास्तीच्या काढून न्या. त्या भागात झेरॉक्सवाला शोधत फिरण्यात दुपार जाते.

पुढची पायरी परराष्ट्र मंत्रालय. जुलै २०१२ पासून ते नागरिकांकडून थेट कागद घेत नाही. त्यासाठी संस्था नेमल्या आहेत, त्यांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. त्यातल्याच केंद्रात जा, दारावर “अधिकृत” लिहिलेल्या कुठल्याही दुकानात नको. २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरही होतं आणि मुंबई त्यात आहे, त्यामुळे कराडकरानं दिल्ली गाठायचं कारण उरलेलं नाही. सरकारी शुल्क ॲपोस्टिलला कागदामागे पन्नास रुपये. संस्थेचं सेवाशुल्क आणि स्कॅनिंगचे पैसे वर, तेही किरकोळ. साडेतीन हजार कशाचे होते याचा हिशेब तुम्ही करा. मात्र प्रवास, एक मुक्काम आणि दुसऱ्यांदा कागद आणायला जाणं हे धरलं तर लांबच्या माणसाला एजंट अगदीच महाग पडतो असंही नाही. कागद परत घरपोच पाठवण्याची सोय आहे का, हे देतानाच विचारा.

परत आलेला दाखला उलटून पाहिला. मागे चौकोनी स्टिकर, त्यात क्रमांक घातलेल्या दहा ओळी: देश, सही कुणाची, कुठल्या पदावरची, कुठल्या खात्याचा शिक्का, ठिकाण, तारीख, ॲपोस्टिलचा क्रमांक वगैरे. हा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. एजंटकडून काम केलं असेल तर हे आधी करा. खोटे स्टिकर चिकटवून देणारे महाभाग आहेत.

आता वेगळ्या देशांना जाणाऱ्यांसाठी. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत या करारात नाहीत. तिथं परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग त्या देशाच्या वकिलातीचं आणि पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचं, अशी लांबण आहे. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये करारात आला. त्याआधी गेलेल्या भावकीतल्या माणसाचा सल्ला ऐकून कॅनडाच्या वकिलातीत हेलपाटा घालू नका. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या सामील होण्याला त्यानं आक्षेप घेतला होता आणि तो अजून उठवलेला नाही. म्हणजे भारतीय ॲपोस्टिल तिथं चालत नाही. जर्मनीला निघालेल्यांनी त्यांच्या वकिलातीची कागदपत्रं तपासण्याची पद्धत वेगळी वाचावी. नेदरलँड्सचाही सुरुवातीला असाच आक्षेप होता, तो त्यांनी मागे घेतला.

ॲपोस्टिलला स्वतःची मुदत नसते, पण ज्या कागदावर ते आहे तो किती जुना चालेल हे समोरचं कार्यालय ठरवतं. पोलीस पडताळणी आणि अविवाहित असल्याचा कागद यांना सहसा काही महिन्यांचीच मर्यादा घालतात. त्यामुळे जन्मदाखला, विवाह दाखला, पदवी ही कामं आधी उरकावीत आणि मुदतीचे कागद व्हिसाच्या तारखेच्या जवळ काढावेत.

दाखले मिळाल्यावर दोन्ही बाजू रंगीत स्कॅन करून मुलाला पाठवल्या आणि मूळ कागद सूनबाईच्या हातातल्या पर्समध्ये गेले, मोठ्या बॅगेत नाही. कुठं पिन मारलेली असेल तर स्कॅनसाठीसुद्धा ती काढू नका. पानं सुटी दिसली की कागदाशी छेडछाड झाली असा संशय येतो आणि मग पुन्हा महालक्ष्मीचं तिकीट.