ओएचएनएसची डाय प्लेट पाणी देताना का तडकते

ओएचएनएस म्हणजे तेलात बुडवून कडक करायचं टूल स्टील, डाय प्लेट म्हणजे त्याची साच्याची प्लेट, आणि ‘पाणी देणं’ म्हणजे जॉब (कामाचा तुकडा) लाल तापवून झटकन गार करून कडक करणं, इथे तेलात. लाल जॉब तेलात बुडवताना होणाऱ्या चर्र आवाजाला सगळे घाबरतात, पण त्या क्षणी जॉब सहसा तडकत नाही. तो तडकतो तेल शांत झाल्यावर, हाताला जेमतेम सोसवेल इतका गार होत असताना. कधी तर टेबलावर ठेवल्यावर अर्ध्या तासानं ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि होलपासून कडेपर्यंत केसासारखी रेघ दिसते.

कारण असं. साधारण 200 अंश सेल्सियसच्या आसपास स्टीलमध्ये मार्टेन्साइट (स्टीलचं कडक रूप) बनायला लागतं आणि ते बनताना स्टील फुगतं. बाहेरचा थर आधी फुगून कडक होतो. मागाहून गाभा फुगू लागला की तो या कडक कवचाला आतून रेटतो. 0.9 टक्के कार्बनच्या कवचात ताणलं जाण्याची ताकद नसते, ते फाटतं. म्हणून 500 अंशांपर्यंत झपाट्यानं आणि 200 च्या खाली सावकाश, असं गार करणं हवं. पाण्याला हे जमत नाही, तेलाला जमतं.

तेल 50 ते 60 अंशांवर ठेवा. थंड तेल घट्ट असतं, जॉबभोवतीची वाफ लवकर हटत नाही आणि कडकपणा ठिकठिकाणी वेगळा येतो. थंडीच्या दिवसांत सकाळी पहिला जॉब टाकण्याआधी भंगारातला एखादा ठोकळा लाल करून टाकीत बुडवला की काम भागतं. पावसाळ्यात मात्र टाकीच्या तळाशी पाणी साचलंय का ते बघायलाच हवं. तळातलं थोडं तेल काढून त्याचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. तडतडला तर त्या टाकीत जॉब टाकू नका.

भट्टीत आधी 600 ते 650 अंशांवर जॉब सगळीकडून सारखा तापू द्या, मग 790 ते 820 वर न्या. 25 मिमी जाडीला आतपर्यंत उष्णता पोचल्यावर 20 ते 30 मिनिटं पुरतात. ‘थोडं जास्त तापवलं तर कडक होईल’ ही समजूत फार नुकसान करते: 850 च्या वर स्टीलचे दाणे मोठे होतात आणि जॉब ठिसूळ होतो. थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर) जुना झाला की चुकीचा आकडा दाखवतो, त्यामुळे तो अधूनमधून दुसऱ्याशी ताडून बघा.

पण अर्धं काम ड्रॉइंगवरच होतं. आतल्या कोपऱ्याला 1 मिमीची त्रिज्या दिली तरी मोठा फरक पडतो. होल आणि कड यांच्यामध्ये होलच्या व्यासाच्या दीडपट तरी माल शिल्लक असू द्या. कडेजवळची न लागणारी होलं अग्निमातीनं बुजवा. नंबर पंचानं ठोकलेला आकडाही तड्याचं मूळ ठरतो, तो एचिंगनं (रसायनानं कोरून) किंवा नंतर ग्राइंडरनं घाला. काळ्या (गरम रोल केलेल्या) बारची वरची साल पूर्ण काढल्याशिवाय जॉब हार्डनिंगला पाठवू नका, कारण त्या सालीतला कार्बन उडालेला असतो आणि तिच्यात रोलिंगच्या बारीक चिरा दडलेल्या असतात.

टाकीत प्लेट उभी सोडा आणि वरखाली हलवत राहा, आडवी टाकली की वाकते. बंद होलचं तोंड वर ठेवा, नाहीतर आत वाफ अडकते.

60 ते 65 अंशांना, म्हणजे हातमोज्याविना क्षणभर धरता येईल तेव्हा, जॉब काढून लगेच टेम्परिंगला (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा हलकं तापवायला) घाला. उद्यावर ढकलू नका. ओव्हन मोकळा नसेल तर 100 ते 120 अंशांवर ठेवून थांबवा. 180 ते 200 अंशांना कमीत कमी 2 तास दिले की 60 एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास कडकपणा मिळतो.

तडा गेलाच, तर तो तुकडा फेकू नका. चिरेवर ठोकून तो उघडा आणि आतला रंग बघा. काळी पापडी असेल तर चीर तेलाआधीची, म्हणजे बारमधली किंवा भट्टीत तापवताना पडलेली. फिकट पिवळसर छटा असेल तर ती तेलात पडली आणि टेम्परिंगमध्ये रंगली. चकचकीत राखाडी पृष्ठभाग दिसला तर टेम्परिंगनंतरच काहीतरी घडलंय. अशा वेळी आधी ग्राइंडिंगचं चाक आणि कूलंट तपासा.