तपकिरी कॅप-टो: वरची फट मिटेना, आता ऑक्सफर्ड ठेवायचा की डर्बी?

हाताने बनवत असलेल्या या ऑक्सफर्ड बुटांचं अपर (तळ सोडून वरचा चामड्याचा भाग) मागच्या नोंदीत शिवून झालं होतं. आता ट्रायलही झाली आणि काम तिथेच अडलंय. फेसिंगची (लेस ओवायच्या दोन पल्ल्यांमधली) फट खाली पहिल्या आयलेटपाशी (लेसच्या भोकापाशी) ७ मिमी, वर पाचव्यापाशी १७ मिमी. फर्म्यावर (ज्यावर बूट घडवतात तो पावलाचा साचा) ताणताना ती वरपासून खालपर्यंत सारखी ६ ठेवली होती. लेस जीव खाऊन आवळली तरी वर १५ च्या खाली येत नाही, आणि तेवढी आवळली की जीभ इनस्टेपवर (पावलाच्या वरच्या चढावर) रुतते.

जमलेल्या गोष्टी आधी उरकतो. दोन्ही बुटांच्या टोकॅपच्या (बोटांवरच्या आडव्या तुकड्याच्या) रेषा शेजारी ठेवून तंतोतंत जुळतात. कॅपची दुहेरी शिवण (इंचाला १० टाके, दोन ओळींत २ मिमी) कुठेही हललेली नाही. टाचेची पकडही घट्ट आहे. म्हणजे बोंब आहे ती फक्त इनस्टेपची.

फट कशी उघडते त्यावरून दुखणं कळतं. वरपासून खालपर्यंत सारखीच रुंद असेल, तर अख्ख्या बुटाचा घेर कमी. खाली रुंद आणि वर मिटलेली असेल, तर बोटांच्या सांध्यापाशी आवळतंय. इथे वर उघडी, खाली जवळपास बंद, म्हणजे पावलाचा चढ उंच. माप संध्याकाळी, पाऊल फुगलेलं असताना, बुटांसोबत घालायचेच पातळ मोजे चढवून घेतलंय: सांध्याचा घेर २४८, इनस्टेप २६६. फर्मा यूके ८, सांध्याला २४६, इनस्टेपला २५४. सांध्याचा फरक किरकोळ, पण इनस्टेपचे १२ मिमी लेसने भरून निघणं शक्य नाही. लेस ओढून धरेल इतका ताण राहावा म्हणून फर्मा पायापेक्षा ४–५ मिमी कमी हवाच, पण त्याच्या पुढे गेलं की फट दिसायला लागते.

खरी अडचण ऑक्सफर्डच्या रचनेत आहे. त्यात व्हॅम्प (पुढचा भाग) क्वार्टरच्या (मागून येणाऱ्या बाजूच्या भागांच्या) वरून शिवलेला असतो. फेसिंगची खालची टोकं त्याच्याखाली अडकलेली, वर आडवा टाका. तो टाका म्हणजे बिजागरी: पल्ले उघडतात ते फक्त वरून. डर्बीत उलटं. क्वार्टर व्हॅम्पच्या वर बसतात, खालून मोकळे असतात, त्यामुळे दोन्ही पल्ले अख्खेच्या अख्खे बाहेर सरकतात. तीच १५ मिमीची फट डर्बीवर सरळ पट्टीसारखी राहते आणि डोळ्याला खटकत नाही.

म्हणून 'लग्नाला ऑक्सफर्ड, ऑफिसला डर्बी' असल्या तक्त्यांवर फार विसंबू नये. आधी इनस्टेप मोजा, शैली त्यानंतर. तयार जोड घेतानाही हेच. नव्या ऑक्सफर्डची फट ५–८ मिमी आणि सारखी असेल तर उत्तम. वेल्टेड बुटात (अपर आणि तळ वेल्ट नावाच्या चामडी पट्टीने जोडलेल्या) कॉर्क आणि सुकतळा दबून पाऊल २–३ मिमी खाली बसतं, तेवढी फट मिटते. नवा असतानाच पूर्ण मिटलेली असेल तर पुढे लेसला ओढायला जागाच उरत नाही आणि टाच निसटते. १२ च्या वर असेल तर 'वापरून सैल होईल' म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून निघावं. (ऑनलाइन तर लेस दिसली की कशालाही ऑक्सफर्ड म्हणतात. फोटो मोठा करून व्हॅम्प वर आहे की क्वार्टर, ते स्वतःच बघा.)

बाकी पर्याय झटपट. अ‍ॅडलेडने (ऑक्सफर्डचाच एक प्रकार) काही साधत नाही: फेसिंगभोवतीचा तुकडा यू आकाराचा होतो, लेसिंग बंद ते बंदच. होलकटमध्ये (अख्खं अपर एकाच तुकड्याचं) शिवण फक्त मागे, त्यामुळे सावरून घ्यायला वाव आणखी कमी. सिंगल मंक (लेसऐवजी बकलचा एक पट्टा) उंच चढाला सोसतो, पण पट्टा मुळातच लांब कापायला हवा, नाहीतर शेवटच्या भोकावर लटकतो.

तर ठरवलं होतं असं: हे अपर बाजूला ठेवायचं, फर्मा वाढवायचा आणि नव्याने डर्बी कापायचा. वाढवण्याची कृती सरळ आहे. २.५ मिमीचा व्हेज-टॅन (वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचा) तुकडा फर्म्याच्या वरच्या कण्यावर, त्यावर १.५ मिमीचा थोडा लहान. दोन्हींच्या कडा रापीने शून्यावर आणायच्या, निओप्रीन सोल्यूशनने डकवायचे, मग काचेने खरवडून सँडपेपर. १ मिमी जाडीने घेर साधारण २ मिमी वाढतो, म्हणजे ४ मिमीत ८, इनस्टेप २६२. तुकडा नुसता कण्यावर ठेवला तर टेपवर आकडा बरोबर येतो, पण अपर तंबूसारखं ताणलं जातं आणि दोन्ही बाजूंना पोकळी राहते. आतल्या बाजूला, कमानीकडे, तो बराच खाली उतरवावा लागतो. बाहेरच्या बाजूला कमी.

पण हे आकडे कागदावर मांडताना एक वेगळाच हिशोब समोर आला. घेर ८ मिमी वाढला म्हणजे अपर दोन्ही बाजूंना ४–४ मिमी कमी पडणार. ताणायला सोडलेली कड २० मिमी आहे, उरेल १६. हाताने वेल्ट घालायला १३ सुद्धा चालते! पफ आणि काउंटर (बोटांकडचा आणि टाचेचा कडक आधार) अजून घातलेले नाहीत, वेल्टही नाही, म्हणजे चुका (ताणताना ठोकलेले बारीक खिळे) काढून हेच अपर वाढवलेल्या फर्म्यावर पुन्हा ताणता येईल. ऑक्सफर्ड वाचतो.

फक्त चुकांची जुनी भोकं नडणार. ती फर्म्याच्या कडेपासून ९–१० मिमी आत होती, आता ५–६ वर येतील, आणि वेल्टची शिवण नेमकी तिथूनच जाते. भोकाशेजारी भोक पडलं की चामडं टराटरा फाटतं. उपाय म्हणून कमरेच्या भागात (बुटाच्या मधल्या अरुंद भागात) अपर आणि अस्तराच्या मध्ये १० मिमीची नायलॉन टेप चिकटवायची आणि आरीची भोकं जुन्या भोकांच्या मधोमध घ्यायची. सांध्याच्या पुढे काहीच बदलत नाही, तिथल्या चुका जुन्याच भोकांत जातील.

चामड्याबद्दल थोडं. या जोडाचं काफ (वासराचं चामडं) १.३ मिमी आहे आणि पुन्हा ताणणं सोसेल. एका दुकानातून फुल ग्रेन (वरचा थर न घासलेलं) म्हणून आलेला तुकडा मात्र भिंगाखाली सपाट निघाला, रंध्रांचा पत्ता नाही. घासून वर छाप मारलेला माल. अंगठ्याने आतून दाबला की बारीक सुरकुत्यांऐवजी जाड घड्या पडतात. व्हॅम्पला त्याचा उपयोग शून्य, ट्रायलच्या बुटाला कापून टाकला. अस्तराला तमिळनाडूचं ई.आय. (ईस्ट इंडिया पद्धतीने कमावलेलं) बकरी (०.९ मिमी) अजूनही पैसे वसूल. टाचेच्या थरांसाठी बाभूळ-हिरड्यात कमावलेलं कोल्हापुरी म्हशीचं चामडं घेतलंय: दाबून बसतं आणि खिळा धरून ठेवतं. सुकतळ्याला मात्र त्याचा धागा भरड वाटतो, तिथे ५ मिमीचा शोल्डरच (जनावराच्या खांद्याकडचं चामडं).

म्हणजे डर्बी रद्द नाही, पुढच्या जोडावर गेला. पावसाळ्यात चालेल असा एक हवाच आहे, आणि डर्बीची जीभ व्हॅम्पसोबत एकसंध कापलेली असल्याने पाणी उशिरा शिरतं. खाली २ मिमीचा रबरी हाफ सोल. आयलेट तीन की पाच हे ठरलेलं नाही. तीनला पल्ले आखूड राहतात आणि उंच पावलाला आत शिरायला सोपं जातं, पण इनस्टेपचा सगळा ताण वरच्या एकाच जोडीवर येतो. सध्या कल चारकडे आहे. आडवी सरळ लेस सम संख्येत नीट बसते, पाचात एक तिरका वेढा आत लपवावा लागतो.

आधी फर्म्यावरचा तुकडा वाळू दे. कोणी सहा आयलेटचा ऑक्सफर्ड शिवला असेल तर फेसिंगची लांबी किती ठेवली आणि आडव्या टाक्याखाली काही आधार घातला का, ते सांगा.