ससा ठेवून गेला

"फ्रेंचमधून इंग्रजीत? मग यात मराठी कुठे आलं?"

मी फ्रेंच चित्रपटांची इंग्रजी सबटायटल्स करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कुणी जरा थेट विचारतं, "दोन्ही भाषा परक्या. त्यातून ती रस्त्यावरची बोली, शिव्या, वाक्प्रचार. जमतं कसं तुम्हाला?" गेल्या आठवड्यात पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या फाटकापाशी एका विद्यार्थिनीने हेच विचारलं. तिची बस आली आणि माझं उत्तर अर्धंच राहिलं. "मॅडम, लिहा ना यावर," असं चढता चढता म्हणाली. तर तिने आणि तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून हे.

पडद्यावर मराठीचं एक अक्षर दिसत नाही, हे खरं. पण प्रत्येक अवघड ओळ मी आधी मराठीत म्हणून बघते. शब्दाचा अर्थ मला तिन्ही भाषांत कळतो. वजन मात्र मराठीतच कळतं. कोणता शब्द मोठ्या माणसांसमोर चालतो, कोणता फक्त मित्रांत, कोणता ऐकला की समोरच्याचा चेहरा पडतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही. ते घरात, वाड्यात, रिक्षाच्या रांगेत अंगात मुरलेलं आहे. म्हणून तराजू मराठीचा.

साधं उदाहरण पावसाचं. "मुसळधार पडतोय" म्हणताना आपल्यापैकी कुणाला मुसळ दिसतं? फ्रेंच माणूस म्हणतो, "इल प्ले दे कॉर्द." दोर पडताहेत. त्यालाही दोर दिसत नाहीत, तो फक्त छत्री शोधत असतो. ते दोर इंग्रजीत जसेच्या तसे ठेवले, तर दारात चपला झटकणारा साधा कारकून एकदम कवी होऊन बसतो. बरं, आपण शाळेत घोकलेलं 'कॅट्स अँड डॉग्ज' घालावं, तर १७ वर्षांच्या पोराच्या तोंडात ते आजोबांचं वाटतं. मी लिहिते, 'इट्स पोअरिंग.' चित्र गेलं, त्याची हळहळ वाटतेच. पण बोलणारा माणूस होता तसा राहिला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा.

हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या दिवसांतली एक छोटी फिल्म होती. स्वयंपाकघर, टेबलाशी मुलगा अभ्यास करतोय, दूध उतू जातं आणि आई ओरडते, "प्युतँ!" शब्दकोशात पाहाल तर अर्थ वेश्या. तो अर्थ इथे नाही एवढं मला कळत होतं, म्हणून मी इंग्रजीतली ती चार अक्षरी शिवी घातली. सगळ्या याद्यांमध्ये तेच दिलेलं असतं. फिल्म दाखवली गेली आणि दिग्दर्शिकेचा मला फोन आला. प्रेक्षकांना ती आई तुसडी, मुलाला धाकात ठेवणारी वाटली होती. "ते पात्र माझ्या आईवरून घेतलंय," ती म्हणाली. रागावली नव्हती. दुखावली होती, आणि ते मला जास्त लागलं.

त्या रात्री मी पहिल्यांदा तो प्रसंग आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. दूध उतू गेलं. कोण काय म्हणेल? माझा काका असता तर "च्यायला!" त्यात कुणाचीतरी आई आहे, पण ती कुणाला ऐकू येत नाही. माझी आई म्हणेल, "मेलं!" त्या फ्रेंच बाईचं 'प्युतँ' या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी बसतं. इंग्रजीत 'ओ, डॅम इट' लिहिलं असतं, तर त्या दिग्दर्शिकेची आई शाबूत राहिली असती. तोच 'प्युतँ' अंधाऱ्या जिन्यात, समोर चाकू असताना निघाला, तर तिथे ती चार अक्षरी शिवीच हवी. शब्द तोच असला तरी प्रत्येक वेळी पुन्हा तोलावा लागतो.

फ्रान्सच्या दक्षिणेत, तुलूझ-मार्सेयकडे, वाक्याच्या शेवटी 'कों' येतं. शब्दकोश म्हणतो घाण शिवी. पण तिथला माणूस बोलताना ते आपल्या नागपूरकडच्या 'बे'सारखं टाकतो, जवळिकीने. इंग्रजीत मी ते बहुतेक वेळा सोडून देते. आवाज आणि चेहरा ते काम करत असतात.

आता ससा. हे जरा सावकाश सांगते, कारण माझ्या कामातलं हे मला सगळ्यात आवडतं.

भेटायचं ठरवून कुणी आलंच नाही, तर फ्रेंचमध्ये म्हणतात, "इल मा पोझे अँ लापँ." शब्दशः, त्याने मला ससा ठेवला. आपण म्हणतो टांग दिली. इंग्रजीत 'ही स्टूड मी अप.' तिन्हीकडे वजन सारखं, तिन्ही गुळगुळीत झालेले, काम पाच सेकंदांचं. पण एका फिल्ममध्ये नात कॅफेतून रडवेली होऊन घरी येते. तासभर थांबूनही तो आलेला नसतो. आजी चुलीपाशी असते. नात म्हणते, त्याने मला ससा ठेवला. आजी पातेल्यावरचं झाकण उचलते, आत मोहरीच्या रश्श्यात ससा रटरटतोय, आणि ती शांतपणे म्हणते, "माझा तरी वेळेवर आहे."

गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावली की ते पुन्हा दळायला लागतं. आजीने तेच केलं. इतकी वर्षं कुणाला न दिसणारा ससा तिने झाकण उचलून दाखवला. आता 'स्टूड मी अप' लिहून भागेना. पातेलं पडद्यावर दिसतंय, आजीचं वाक्य त्याच्याशी जोडलं गेलं पाहिजे. आणि जागा किती? सबटायटलला दोन ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. तळटीप नाही, कंस नाही. प्रेक्षकाला वाचायला दोन-तीन सेकंद.

मी चार दिवस ससा सोडेना. हेच चुकत होतं. मग तो प्रसंग मराठीत म्हणून पाहिला. टांग दिली आणि कोंबडीची तंगडी? ते ओढूनताणून झालं. पण त्या धडपडीत एक कळलं. मराठीत मी प्राणी आपोआप बदलला होता, पातेलं तेच ठेवलं होतं. विनोदाचा जीव सशात नव्हताच. तो पातेल्यात होता. पातेल्यात काय चाललंय? शिजणं. इंग्रजीत मनातल्या मनात कुढत बसण्याला 'स्टू' म्हणतात, आणि रश्श्यालाही 'स्टू'च. नात म्हणते, 'ही लेफ्ट मी स्ट्यूइंग फॉर अॅन अवर.' ३१ अक्षरं. आजी झाकण उचलते: 'माइन टूक टू.' तो मला तासभर शिजवत ठेवून गेला. माझ्याला दोन तास लागले. ससा इंग्रजीतून पळाला आणि पडद्यावरच्या पातेल्यात जाऊन बसला. ती ओळ सुचली तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. मी आईला उठवून वाचून दाखवली.

काही वेळा चित्र टिकतंही. कुणी फार डोकं खात असेल तर फ्रेंच म्हणतो, "तु म प्रां ला तेत," माझं डोकं घेतोयस. ब्रिटिश माणूस म्हणतो, 'यू आर डुइंग माय हेड इन.' तिन्ही भाषांत डोकं जागेवर! असं जुळलं की दिवस चांगला जातो. उलट 'काफार', म्हणजे झुरळ. "झे ल काफार" म्हणजे मन उदास आहे. झुरळ ठेवायचा मोह होतो. पण उदास माणूस 'आय फील लो' एवढंच म्हणतो, त्याला किड्याचं भान नसतं.

सगळ्यात कठीण व्हेर्लां. 'लांव्हेर' म्हणजे उलटं, आणि हा शब्दच उलटा केला की 'व्हेर्लां'. पॅरिसच्या उपनगरांतली पोरं असे शब्द फिरवतात. 'फू' म्हणजे वेडा, त्याचं 'उफ'. 'लूश' म्हणजे संशयास्पद, त्याचं 'शलू'. 'फाम' म्हणजे बाई, तिची 'मफ', आणि 'मफ' सगळ्यांच्या तोंडी बसली तेव्हा पोरांनी तिला पुन्हा उलटी केली, 'फम', मूळच्या 'फाम'ला जवळ जाईल अशी. त्याच्याही आधी, १९व्या शतकात पॅरिसच्या खाटकांची एक भाषा होती, लूशेबेम. 'बूशे' म्हणजे खाटीक. पहिला ब काढा, तिथे ल लावा, ब शेवटी न्या, पुढे 'एम' जोडा: लूशेबेम. गिऱ्हाईक समोर उभं असताना मांसाबद्दल आपसात बोलायची सोय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले, कारण आमच्या वाड्यात आम्ही मुली हेच बोलायचो! 'च'ची भाषा. पहिलं अक्षर शेवटी, सुरुवातीला च. 'मला'चं 'चलाम'. मोठ्यांना कळू नये म्हणून. पॅरिसमधला ला व्हिलेतचा कत्तलखाना १८६७ मध्ये सुरू झाला आणि १९७४ मध्ये बंद पडला, तिथे आता बाग आणि विज्ञान संग्रहालय आहे. पण 'फू'चं खाटकी रूप 'लूफोक' आजही कुठल्याही फ्रेंच घरात ऐकू येतं.

इंग्रजीत शब्द उलटे करायची पद्धत नव्हती असं नाही. लंडनचे फेरीवाले करायचे, आणि 'बॉय' उलटून झालेला 'यॉब' अजून जिवंत आहे. पण आजची पोरं तसं बोलत नाहीत, म्हणून ती वाट बंद. काही जण पॅरिसच्या पोराला न्यूयॉर्कच्या गल्लीतली भाषा देतात. मला ते पटत नाही. मागे मेट्रोची पाटी फ्रेंचमध्ये दिसतेय आणि हा ब्रुकलिनसारखा बोलतोय, हे त्याला त्याच्या घरातून उचलून नेण्यासारखं आहे. शिवाय अशी भाषा पाच वर्षांत शिळी होते. मी वाक्यं तोडते. कर्ता गाळते, उत्तर अर्ध्यावर सोडते, एखाद्याच शब्दाला धार ठेवते. पोरगं पोरगंच वाटतं, गाव कुठलं ते चित्र सांगतं.

कुणी म्हणतं, असल्या भाषेवर इतके कष्ट कशाला? व्हिक्तोर ह्यूगोने १८६२ मध्ये आलेल्या आपल्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचा एक अख्खा भाग चोरांच्या बोलीला दिला आहे. मला मात्र वेगळंच कारण पुरतं. फ्रेंच बोलीत चोरण्याला 'शूरे' किंवा 'शूरावे' म्हणतात. हा शब्द रोमानी लोकांकडून आला. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेले हे लोक १४२७ मध्ये पॅरिसच्या वेशीवर आल्याची नोंद आहे, आणि त्यांच्या गाठोड्यात आपला 'चोर' होता. चाकूला जुन्या बोलीत 'स्युरँ', त्याआधी 'शूरँ', मूळ रोमानी 'चुरी'. म्हणजे आपली सुरी! एखादी गोष्ट जाम आवडली तर पोरं म्हणतात 'झ किफ', ते उत्तर आफ्रिकेतल्या अरबीतून आलेलं, आणि त्याच मुळातून आपला 'कैफ'. इंग्रजी 'पाल', म्हणजे दोस्त, तोही रोमानीच, 'भ्रातृ'चा वंशज, आपल्या भावाचा भाऊ. मराठी कुठे आलं, असं विचारलंत ना?

एका गोष्टीत मात्र इंग्रजी मला नेहमी अडवते. फ्रेंचमध्ये 'तु' आणि 'वू' आहेत, आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही'. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. सध्या हातात असलेल्या फिल्ममध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे बरीच वर्षं काम करणारी बाई आहे. एके दिवशी तिचा बांध फुटतो. ती म्हणते, "वू म गोंफ्ले, म्स्यो." शब्दशः, तुम्ही मला फुगवताय. मराठीत विचारच करावा लागला नाही: "साहेब, तुम्ही डोक्यात जाताय." राग पुरता आहे, 'तुम्ही' सुटलेलं नाही. त्या 'तुम्ही'तच त्या दोघांची सगळी वर्षं आहेत. इंग्रजीत 'सर' घातलं तर हॉटेलातला वेटर आठवतो. शेवटी मी तिचा तो फ्रेंच 'म्स्यो'च ठेवला. प्रेक्षकाला तो कानांनी ऐकू येतच असतो. 'यू आर डुइंग माय हेड इन, म्स्यो.'

काल रात्री आईला ओळ वाचून दाखवली. आई बँकेतून निवृत्त झालेली, फ्रेंचचा गंध नाही, फिल्मची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. तिने भाजी निवडता निवडता पुन्हा एकदा म्हणायला लावली.

"चिडलीय खरी," आई म्हणाली. "पण काम सोडायची नाही ही."