सेन्सॉरकडे प्रुफे नेण्याचे दिवस

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा मी एका जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या मराठी साप्ताहिकात उपसंपादक होतो. २६ जून १९७५ च्या सकाळी आकाशवाणीवरून पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे भाषण झाले आणि त्याच दिवशी अंतर्गत सुरक्षेच्या नियमांखाली सेन्सॉरशिपचा आदेशही निघाला. आमच्या कचेरीपुरता त्याचा अर्थ असा झाला की दर बुधवारी दुपारी ओल्या प्रुफांच्या दोन प्रती घेऊन मी सायकलने सरकारी कार्यालयात जायचे, तेथील अधिकाऱ्यांनी वाचून प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, एक प्रत त्यांनी ठेवून घ्यायची आणि दुसरी माझ्या हाती आली की मगच छपाईला हात लावायचा. हे काम मी दीड वर्षाहून अधिक काळ केले.

ते अधिकारी स्वभावाने कठोर नव्हते, हे आजही मला नमूद करावेसे वाटते. ते मला बसायला सांगत, पाणी मागवत आणि उजव्या हाताचा अंगठा ओळीखालून सरकवत सावकाश वाचत. प्रुफाची शाई ओली असल्यामुळे त्यांचा अंगठा काळा होई आणि समासात त्याचे ठसे उमटत. कोणत्या ओळीपाशी ते थांबले होते, हे मला परतताना त्या ठशांवरून कळत असे. तांबड्या पेन्सिलीने ओळ मारली की ते एवढेच म्हणत, “हे राहू द्या. तुम्हालाही त्रास, मलाही त्रास.” कारण विचारले तर उत्तर मिळत नसे, कारण बहुतेक वेळा त्यांनाही ते कोणी सांगितलेले नसे. वरून सूचना येत, त्या पुष्कळदा तोंडीच असत, आणि मागच्या आठवड्यात चाललेले वाक्य या आठवड्यात चालत नसे.

मजकूर मारला जाणे हा या कामातला सर्वांत कठीण भाग असेल, असे मला सुरुवातीला वाटले होते. खरी कठीण गोष्ट होती ती मारलेल्या मजकुराची जागा. जूनच्या अखेरीस काही वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. ते पाहून आमच्या संपादकांनीही तसे करायचे ठरवले. पण कोरी जागा सोडता येणार नाही, आणि ती गांधीजींच्या किंवा रवींद्रनाथांच्या वचनांनी भरणेही चालणार नाही, अशी सूचना आली. मजकूर काढला गेला आहे हे वाचकाला कळता कामा नये, असा त्याचा सरळ अर्थ होता. संसदेच्या वृत्तान्तातही मंत्र्यांची निवेदने द्यायला हरकत नव्हती, मात्र विरोधी सदस्य काय बोलले ते द्यायचे नव्हते. त्याचे नाव आणि पक्ष तेवढा छापता येई. तो माणूस उभा राहिला एवढेच वाचकाला समजे.

त्यामुळे बुधवारची रात्र भरती शोधण्यात जाई. आमचे वयस्कर जुळारी, म्हणजे छपाईसाठी अक्षरे जुळवणारे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, त्यांनी पीकपाण्याची, आरोग्याची, जुन्या देवळांची टिपणे आधीच जुळवून दोऱ्याने बांधून ठेवली होती. अकरा ओळी गेल्या की अकरा ओळींचे टिपण, तेवीस गेल्या की तेवीस ओळींचे. मारलेल्या ओळींचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, अण्णा सोडवून एकेक करून पुन्हा केसच्या, म्हणजे अक्षरांच्या पेटीच्या, घरांत टाकत आणि ते करताना ती वाक्ये मोठ्याने वाचत. मी एकदा त्यांना थांबवले, तेव्हा ते म्हणाले, “बाळ, छापायला बंदी आहे. सोडताना वाचायला नाही.” त्या खोलीत आम्ही दोघेच होतो आणि त्या लेखाचे तेवढेच वाचन झाले.

डिसेंबर १९७५ मध्ये कराडला मराठी साहित्य संमेलन भरले आणि मला वार्तांकनासाठी जाता आले. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत. अशा व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि त्या वेळी रुग्णालयात असलेल्या, सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. सगळा मंडप स्तब्ध झाला होता. परत येऊन मी साडेतीन स्तंभांचा वृत्तान्त लिहिला. त्यातून शिक्का घेऊन जे परत आले त्यात संमेलनाची तारीख, निवासाची व्यवस्था, ग्रंथप्रदर्शन आणि कविसंमेलन एवढेच उरले होते. तो अंक वाचलेल्या एका शिक्षकांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, “तुम्ही तिथे होता ना? मग हे असे कसे लिहिले?” काय झाले ते त्यांना सांगता येण्यासारखे होते, पण शेजारी दोन माणसे उभी होती आणि मी नुसता उभा राहिलो. त्या दिवसाइतकी लाज मला नंतर कधी वाटली नाही.

फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचे संपादक मिनू मसानी यांच्या सेन्सॉरविरुद्धच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की सर्व वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे. एका वकील मित्राकडून त्यातील मुख्य भाग उतरवून घेऊन मी आनंदाने त्याची बातमी केली. अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली, मारली मात्र नाही. “अभिप्रायासाठी वर पाठवतो,” असे म्हणून त्यांनी तो कागद बाजूला ठेवला. पुढच्या बुधवारी अभिप्राय आला नव्हता, त्याच्या पुढच्याही नाही. साप्ताहिकाला नकारापेक्षा हा विलंब अधिक मारक असतो. नकाराविरुद्ध निदान दाद मागता येते.

एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागण्याचा मार्गच बंद केला. पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी भिन्न मत दिले. ती बातमी मी बेताने लिहिली आणि ती एकही ओळ न जाता परत आली. सायकलवरून येताना मला बरे वाटत होते. अण्णांनी प्रूफ हातात घेऊन समास पाहिला आणि विचारले, “आज अंगठा कुठेच थांबला नाही?” तेव्हा माझ्या लक्षात आले की खन्नांचे मत मीच दीड ओळीत, बातमीच्या अगदी शेवटी, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये असे टाकले होते. शब्द मारायचे काम केव्हापासून मी घरूनच करून नेऊ लागलो होतो, ते मला आठवेना.

१८ जानेवारी १९७७ ला निवडणुकीची घोषणा झाली, बंधने सैल झाली आणि बुधवारची फेरी थांबली. २१ मार्चला आणीबाणी उठली. त्या आठवड्याच्या अग्रलेखाचे प्रूफ तपासताना संपादकांच्या हस्तलिखितातला ‘मुस्कटदाबी’ हा शब्द मी मारून समासात ‘निर्बंध’ लिहिले आणि प्रूफ अण्णांकडे दिले. अंक छापून आला तेव्हा मूळ शब्दच तिथे होता. मी विचारण्याआधीच अण्णांनी माझे प्रूफ पुढे केले. त्यांनी माझ्या दुरुस्तीवर काट मारून खाली शाईच्या अंगठ्याचा ठसा उमटवला होता.