छप्पर नसलेलं चर्च

लिस्बन, 9 जून. रात्रीचे साडेदहा.

पाय भरून आलेत. खिडकीखालच्या गल्लीतून अजून तारल्या भाजल्याचा वास येतोय. उद्या पहाटे विमान आहे, बॅग तशीच उघडी पडली आहे, पण आधी हे लिहून काढते. एकदा घरी पोचले की पाऊस, ऑफिस आणि लोकलच्या धबडग्यात आजची सकाळ विरून जाईल.

बैठका काल संपल्या. हातात आजचा एकच दिवस होता. चाळीस जणांच्या घोळक्यात झेंडा धरलेल्या माणसामागे पळायचं नव्हतं, म्हणून थोडे जास्त पैसे मोजून एकटीसाठी गाईड घेतली. अडीच तास, पायी, फक्त जुनं शहर. साठीच्या बाई, पूर्वी शाळेत इतिहास शिकवायच्या. नऊ वाजता रोसिउ चौकात भेटल्या. मी नाव सांगितलं तशा थबकल्या. "परेरा? हे तर आमच्याकडचं आडनाव. नासपतीचं झाड."

मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी माझ्या आडनावाचा अर्थ कळला.

त्यांना सांगितलं की मी वसईची. तुमच्या जुन्या नकाशात आमच्या गावाचं नाव बासाइं आहे. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून ते तुमच्याकडे आलं आणि 1739 मध्ये मराठ्यांनी जिंकून घेतलं. आमचे पूर्वज त्या दोनशे पाच वर्षांत कधीतरी ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याला जो धर्मपिता उभा राहिला त्याचं आडनाव मिळालं, असं घरात सांगतात. घरी आम्ही कादोडी बोलतो, शाळा मराठी, आणि आजी शेवटपर्यंत लाल लुगडं नेसायची. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यात बासाइंला एक ओळ होती." त्यांना ते लागलं असावं, कारण नंतर वाटेत त्या जितकं सांगत होत्या तितकंच विचारतही होत्या.

रोसिउच्या फरसबंदीवर काळ्यापांढऱ्या लाटा आहेत. चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे मुठीएवढे तुकडे हाताने बसवलेले. सगळ्या शहरात असेच पदपथ, वर्षानुवर्षांच्या चालण्याने गुळगुळीत झालेले. चौकाच्या उत्तरेला राष्ट्रीय नाट्यगृहाची पांढरी, खांबांची इमारत. तिच्यासमोर बाईंनी आवाज खाली आणला. याच जागी धर्मन्यायालयाचा वाडा होता. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन 1536 मध्ये आलं आणि 1821 पर्यंत टिकलं. गोव्यात ते 1560 मध्ये पोचलं आणि त्याचा अंमल आमच्या वसईपर्यंत होता. तुळस लावली, लग्नात जुनी रीत पाळली, एवढ्यावरून माणसाला ओढून नेता येत होतं. आमच्या घरच्या लग्नात आजही उंबराचं पाणी आणतात. ते कुणी, किती भीत, किती लपवत जपलं असेल, हा विचार मला वसईत कधी आला नव्हता. इथे उन्हात उभी असताना आला.

चौकाला लागूनच सांव दोमिंगुशचं चर्च. एप्रिल 1506 मध्ये जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल इथून सुरू झाली आणि पुढच्या दिवसांत हजारांवर माणसं मारली गेली. दारासमोर आता त्यांच्या आठवणीचा दगड आहे, त्यावर ताऱ्याची खूण. आत गेले आणि दोन मिनिटं बोलता आलं नाही. 1959 मध्ये हे चर्च आगीत होरपळलं. छप्पर नवं घातलं, पण खांब तसेच ठेवलेत. तडकलेले, कडा झडून गेलेले, भाजलेल्या विटेच्या रंगाच्या भिंतींमध्ये उभे. एका खांबाला हात लावला. दगड पापुद्र्यांसारखा सुटला होता. त्याच्याच पायाशी एक म्हातारी जपमाळ ओढत बसली होती. मीही गुडघे टेकले आणि आमच्या अण्णांनी शिकवलेला 'नमो मरिये' मराठीत म्हटला. त्या जागेत आपल्या भाषेतली प्रार्थना मोठ्याने म्हणावीशी वाटली, म्हणून अगदी हळू पण आवाजात म्हटली.

तिथून चढण. लिस्बनमध्ये सरळ रस्ता फार थोडा. पायऱ्या चढून कार्मु चौकात आलो. जकारांडाच्या जांभळ्या फुलांचा सडा पडला होता, चिकट, बुटाला लागत होता. आणि समोर कार्मुचा मठ.

मी वसईच्या किल्ल्यात लहानाची मोठी झाले म्हटलं तरी चालेल. रविवारी मिस्सा झाली की अण्णा आम्हा भावंडांना तिथे सोडायचे. छप्पर नसलेली चर्चं हे माझ्या डोळ्यांना सवयीचं दृश्य. उंच कमानी, वर आभाळ, भिंतीतून फुटलेला पिंपळ, फरशीत झिजलेल्या अक्षरांच्या पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा. कार्मुच्या आत पाऊल टाकलं आणि तेच. तशाच कमानी, वर तसंच निळं आभाळ, खाली गवत. फक्त पिंपळ नाही. मी बाईंना फोनमधला आमच्या किल्ल्यातला फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, एकदा फोटोकडे बघितलं, एकदा वर. काही म्हणाल्या नाहीत.

हा मठ 1389 मध्ये नूनो आल्वारेश परेरा या सेनापतीने उभारायला घेतला. परेरा! त्याच्याशी आमचा काडीचा संबंध नाही, तरी नाव ऐकून छातीत काहीतरी हललं. मग 1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या पुढची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप. जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले तर तिथे समुद्राच्या लाटा आल्या. त्यातून जे उरलं ते आगीने खाल्लं, ती आग कित्येक दिवस जळत होती. कार्मुचं छप्पर उपासनेला जमलेल्यांवर कोसळलं. ते पुन्हा पूर्ण कधी बांधलंच गेलं नाही.

वसई गेली 1739 मध्ये, हे शहर पडलं 1755 मध्ये. मधे सोळा वर्षं. वसई सोडून आलेल्यांपैकी कुणी म्हातारपणी त्या सकाळी इथे असेल का? शाळेत चिमाजी अप्पांच्या विजयाचा धडा आम्हीही छाती फुगवून वाचायचो. विजय आमचाच होता, आम्ही मराठीच. आणि घरी आल्यावर ज्या पुस्तकातून प्रार्थना म्हणायचो ती प्रार्थना हरलेल्यांनी आणलेली. दोन्ही खरं आहे. लहानपणी कुणी विचारलं की तुम्ही कुठल्या बाजूचे, तर मी गोंधळायचे. आज कार्मुमध्ये उभं राहून ठरवलं की या प्रश्नाचं उत्तर मी आता कुणाला देणार नाही.

याच चौकात बाईंच्या बोलण्याला वेगळी धार आली. 25 एप्रिल 1974, क्रांतीचा दिवस. चाळीस वर्षांहून जुनी हुकूमशाही, सालाझारने उभी केलेली. त्याचा वारस कायतानु इथल्या शिपायांच्या बराकीत लपला, बाहेर साल्गैरु माइया या तरुण कॅप्टनच्या चिलखती गाड्या आणि माणसांचा समुद्र. संध्याकाळी कायतानुने शरणागती दिली. बंदुकीच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं. बाई तेव्हा दहा वर्षांच्या. आईने घराबाहेर जाऊ दिलं नाही, पण रात्री बाबा आले ते शर्टाला फूल लावून, आणि आयुष्यात पहिल्यांदा जेवताना राजकारणावर मोठ्याने बोलले. "भिंतीला कान असतात असं आम्ही ऐकत आलो होतो. त्या रात्री बाबांनी खिडकी उघडी ठेवली."

उतरून खाली बायशात आलो. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्किश द पोंबाल याने सरळ रेघांनी आखून वसवलेला भाग. गल्ल्यांना धंद्यांची नावं: चांदीची गल्ली, सोन्याची गल्ली, जोडे शिवणाऱ्यांची गल्ली. आपल्याकडच्या पेठांसारखंच. घराच्या भिंतीत लाकडाचा पिंजरा उभारायचा आणि मग गिलावा, म्हणजे जमीन हलली तर घर डोलेल पण पडणार नाही. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून त्याची परीक्षा घेतली होती म्हणे. हा भाग मी भराभर पार केला. दुकानं सगळी पर्यटकांची.

मग एकदम मोठा चौक आणि तेजू नदी. नदी कसली, खाडीच. वसईच्या खाडीवर उभं राहिल्यासारखा वारा. इथे राजवाडा होता, त्याला लागून हिंदुस्थानच्या व्यापाराचं दफ्तर, मिरी आणि लवंग उतरवून घेणारं. 1755 मध्ये सगळं गेलं, कागदांसकट. आमच्या गावाबद्दलचे किती हुकूम इथे लिहिले गेले असतील. गोव्याहून निघालेलं जहाज सहासहा महिने वाटेत असायचं. वसईला वेढा पडल्याची बातमी इथे पोचून मदत निघेपर्यंत तिकडे सगळं संपलेलं असणार. आणि याच राजघराण्याने 1661 च्या तहात मुंबई लेकीच्या आंदणात देऊन टाकली. पायरीवर बसून मी पाण्यात हात बुडवला. थंडगार होतं.

इथेच बाईंना आमचे शब्द सांगितले. पाव, चावी, साबण, पगार, लिलाव, घमेलं, परात, बिजागरी. प्रत्येक शब्दाला त्या आपला शब्द म्हणायच्या, पांव, शाव्ह, साबांव, आणि हसायच्या. शेवटी मी म्हटलं, "तुरुंग. हाही तुमच्याच त्रोंकुवरून आलाय म्हणतात." त्यांचं हसू थांबलं. म्हणाल्या, "चला, तो दाखवते."

से कॅथीड्रलच्या मागच्या बाजूला अल्जुब. सालाझारच्या राज्यात राजकीय कैद्यांचा तुरुंग, 2015 पासून संग्रहालय. एकान्तकोठड्या इतक्या अरुंद की जेमतेम माणूस आडवा होईल. कैदी त्यांना बैलांचे गोठे म्हणत. मी दारातच उभी राहिले. मग मी सांगायला लागले आणि बाई ऐकायला. सांगलीचा एक मुलगा, गोव्यात मराठी शाळेत शिकवायला गेला, गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाला. मोहन रानडे. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याला इथे आणलं, या शहराबाहेर समुद्राकाठच्या काशियशच्या किल्ल्यात. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. रानडे सुटले जानेवारी 1969 मध्ये. गोवा स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं ते याच देशाच्या कोठडीत होते.

काशियश म्हटल्यावर बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. काशियशचे कैदी त्या एप्रिलच्या क्रांतीनंतर बाहेर आले तेव्हा दारात लोकांची झुंबड होती, हे त्यांनी मुलांना दरवर्षी शिकवलं होतं. तिथे हिंदुस्थानातलाही एक शिक्षक होता हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वही काढून नाव लिहून घेतलं. मी देवनागरीत लिहून दिलं, खाली त्यांच्या लिपीत.

वेळ संपली होती, पण त्यांनी सोडलं नाही. दोन पावलांवर संत अंतोनीचं चर्च, जिथे तो जन्मला तिथेच बांधलेलं. जग त्याला पादुआचा म्हणतं, लिस्बनकर आपला म्हणतात. आमच्या किल्ल्यातलं फ्रान्सिस्कनांचं पडकं चर्चही त्याच्याच नावाचं. 12 तारखेच्या रात्रीपासून त्याचा सण, म्हणून अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रंगीत कागदी माळा, दारोदारी शेगड्या. अगदी आमच्या गावच्या सणाच्या आदल्या दिवसासारखी लगबग. एका दारात बाईंनी दोन तारल्या मागितल्या. जाड मीठ लावलेली, निखाऱ्यावर करपलेल्या सालीची तारली पावाच्या फोडीवर ठेवून देतात, काटा वगैरे नाही, बोटांनी खायची. मासा संपेपर्यंत पावात सगळी चरबी मुरलेली असते. तो पाव शेवटी खायचा. तो मी फार हळू खाल्ला.

निरोप घेताना त्यांनी मला मंजेरिकुचं कुंडं दिलं. बारीक पानांचं, गोल, तुळशीच्याच जातीचं झाड. नाक लावायचं नाही, पान कोमेजतं. तळवा वरून फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. कुंड्यात एक कागदी कार्नेशन आणि काडीला लावलेला झेंडा, त्यावर चारोळी. आजीच्या अंगणात क्रूसाजवळ सब्जा होता. तिच्या हाताला असाच वास यायचा.

संध्याकाळी आईला फोन केला. तिकडे पाऊस लागलाय, मासेमारी बंद, घरात सुके बोंबील. मी तारलीचं सांगितलं तर म्हणाली, "ताज्या होत्या का गं?"

कुंडं विमानात नेता येणार नाही. खालच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ठेवशील का. तिने दोन्ही हातांनी घेतलं. कागदी फूल आणि झेंडा मात्र मी काढून घेतलेत. चारोळी मला वाचता येत नाही. या पानाला चिकटवून ठेवते.