आधी छताचं अस्तर उतरवा

“नुकताच रंग दिलाय, आता तपासायचं काय?” जुनं सेस्ना २१० हे छोटं विमान विकणाऱ्याचं हे वाक्य दिवसभर खटकतंय.

तपासायचं ते केबिनच्या छतात. दोन्ही पंख ज्याला जोडलेले असतात तो कॅरी-थ्रू स्पार, म्हणजे आडवी धातूची तुळई, तिथेच दडलेला. त्यावर फोम चिकटवलेला असेल तर तो ओल धरतो आणि ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात.

अस्तर उतरवा. फोम प्लास्टिकच्या पट्टीनंच खरवडा, लोखंडी पात्याचा ओरखडाही तड्याला पुरतो. टॉर्च-आरशानं खालची कड बघा, मग एडी करंट चाचणी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तडे विद्युतप्रवाहानं शोधणं.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट ईसाजवळ अशाच खड्ड्यातून तडा वाढला, उडत्या टी२१०एमचा, म्हणजे याच विमानाच्या एका मॉडेलचा, पंख तुटला. दोघं गेले.

अस्तर उघडू न देणाऱ्याशी भावाची बोलणी तरी कशाला करायची?