गृहभेटीत गप्प बसण्याचे काम

सामुदायिक परिचर्येच्या (नर्सिंगच्या) प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थिनीबरोबर गृहभेटीला जाताना, कोणती कामे तिने स्वतःच्या निर्णयाने करायची, कशासाठी मला विचारायचे आणि मी मध्ये केव्हा बोलेन, हे मी दाराबाहेरच तिच्याशी ठरवून घेते. रुग्णाला धोका दिसला तर मी तत्काळ बोलते. एरवी गप्प बसते. पावलोपावली सूचना मिळालेली विद्यार्थिनी सूचनांची वाट पाहायलाच शिकते, असे माझे ठाम मत आहे.

त्या दिवशीच्या आजी अनेक वर्षे इन्सुलिन घेत होत्या. त्यांची साखर कधी ३०० च्या वर, तर कधी ७० च्या खाली जात असे आणि घरच्यांनी त्याचे खापर आजींच्या खाण्यावर फोडले होते. विद्यार्थिनीनेही आधी आहाराचेच प्रश्न विचारले. आजींचे पोट तपासावे, असे मला वाटत होते, पण मी बोलले नाही. बऱ्याच वेळाने नोंदवही मिटून ती म्हणाली, "आजी, इंजेक्शन कसं घेता ते दाखवाल का मला?"

आजींनी सवयीने इन्सुलिनचे पेन बेंबीच्या उजवीकडे नेले. तिथे दुखत नाही, म्हणाल्या. परवानगी घेऊन तिने ती जागा चाचपली, मग डावी बाजू चाचपून पुन्हा उजवीकडे आली. कातडीखाली रबरासारखी गाठ होती. एकाच जागी वारंवार टोचल्याने तिथली चरबी वाढते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते.

"जागा बदलायला सांगते," असे ती मला म्हणाली आणि लगेच थांबली. निरोगी जागेतून इन्सुलिन नीट शोषले जाईल आणि तीच मात्रा आजींना जास्त होऊन साखर एकदम उतरेल, हे तिच्या ध्यानात आले होते. "मॅडम, आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. मी बोलू?"

फोनवर तिने वय, मात्रा, आठवड्याचे आकडे आणि गाठीची जागा एवढेच क्रमाने सांगितले. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. ती तिने त्यांना पुन्हा वाचून दाखवून खात्री करून घेतली आणि मगच आजींना जागा कशा बदलायच्या ते शिकवले. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे तिने आजींकडूनच वदवून घेतले.

बाहेर आल्यावर, इंजेक्शन पाहण्याचे कसे सुचले, असे मी विचारले. खाण्याची उत्तरे आणि वहीतले आकडे जुळत नव्हते, असे ती म्हणाली. डॉक्टरांना फोन करण्यापूर्वी मला विचारण्याची अट आम्ही तिथेच काढून टाकली. नव्या जखमेच्या ड्रेसिंगची अट मात्र ठेवली.